एका मुळीने वाचवलेला वैद्य

सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकातली गोष्ट. मध्य चीनमधल्या हुबेई प्रांतात, यांगत्से नदीकाठच्या छीझौ गावात विशीतला एक तरुण अंथरुणाला खिळला होता. सर्दीतून सुरू झालेला खोकला जात नव्हता. अंग होरपळल्यासारखे तापत होते आणि दिवसाकाठी वाडगाभर कफ पडत होता. ऐन उन्हाळ्यात घशाला कोरड पडे, अन्न जात नसे, झोप लागत नसे. महिनाभर निरनिराळी औषधे झाली, पण आजार वाढतच गेला. हा आता वाचत नाही, असे घरच्यादारच्यांनी मनाशी धरले होते.

तरुणाचे वडील ली यानवेन हे गावातले नावाजलेले वैद्य. फुप्फुसातील उष्णतेने अंग जळत असेल, तर कोणती मुळी एकटीच द्यावी, याविषयी एका जुन्या वैद्याने लिहून ठेवलेले त्यांना आठवले. ती मुळी होती ह्वांगछिन. त्यांनी एक ल्यांग, म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम मुळी घेतली, दोन पेले पाण्यात घालून एक पेला उरेपर्यंत आटवली आणि तो काढा मुलाला एकाच वेळी पाजला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढे खोकला आणि कफही गेला. मुलगा वाचला. त्याचे नाव ली शिझेन. चिनी औषधविद्येतला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ पुढे त्याच्याच हातून लिहिला गेला.

ली शिझेन यांचा जन्म १५१८ चा. आजोबा हातातली घंटी वाजवत गावोगाव फिरणारे वैद्य होते. वडिलांनी त्याच विद्येत नाव मिळवले, जिनसेंगवर एक पुस्तकही लिहिले. पण त्या काळच्या चीनमध्ये वैद्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. मान होता तो सरकारी अधिकाऱ्याला, आणि अधिकारी व्हायचे तर परीक्षा द्यावी लागे. मुलाने त्या वाटेने जावे, असे वडिलांना वाटे. पहिली पायरी त्याने चौदाव्या वर्षीच ओलांडली. पुढची परीक्षा वुचांग या प्रांताच्या मुख्य शहरात होत असे. ती त्याने तीनदा दिली आणि तिन्ही वेळा नापास झाला. जिवावरचे ते आजारपणही याच वर्षांतले. तिसऱ्या अपयशानंतर त्याने परीक्षांचा नाद सोडला आणि वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकायला सुरुवात केली.

ज्या मुळीने तो वाचला, ती ह्वांगछिन उत्तर चीन, मंगोलिया आणि सैबेरियातल्या बैकाल सरोवराच्या परिसरात उगवते. वनस्पतिशास्त्रातले तिचे नाव स्क्युटेलारिया बायकालेन्सिस. ती तुळस आणि पुदिन्याच्या कुळातली आहे. फुले निळसर जांभळी, आणि मुळी तोडली की आतून पिवळीधमक. चिनी भाषेत ह्वांग म्हणजे पिवळा, नाव त्यावरूनच पडले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सर्वांत जुन्या चिनी औषधसंग्रहातही तिची नोंद आहे.

पारंपरिक चिनी वैद्यकात ही मुळी कडू रसाची आणि थंड गुणाची मानतात. शरीरातील उष्णता आणि ओलसरपणा कमी करणे, हे तिचे मुख्य काम. म्हणून ती ताप आणि खोकला, आव आणि जुलाब, कावीळ, अंगावरची गळवे यांवर देतात. गर्भपाताचा धोका असलेल्या स्त्रीलाही ती इतर औषधांबरोबर देण्याची प्रथा आहे. जुनी, आतून पोकळ झालेली मुळी फुप्फुसासाठी आणि कोवळी, भरीव मुळी आतड्यांसाठी, असा भेदही केला जातो. दारूत परतलेली मुळी शरीराच्या वरच्या भागाच्या विकारांवर, तर काळी होईपर्यंत भाजलेली रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरतात. ज्याचे पोट मुळातच थंड आणि पचन दुबळे, त्याला मात्र ती देऊ नये, असा जुना नियम आहे. थोडक्यात, मुळी एक असली तरी रोगी कोण, आजार कुठला आणि मुळी कोणत्या अवस्थेतली, यावर सगळे अवलंबून असते.

वैद्य म्हणून ली शिझेन यांचे नाव लवकरच पसरले. वुचांगच्या राजपुत्राने त्यांना आपल्या पदरी बोलावले. त्याच्या वारसाला आकडी येत असे, ती शिझेन यांनी बरी केली. पुढे बीजिंगच्या राजवैद्यांच्या संस्थेसाठीही त्यांची शिफारस झाली. पण तिथे ते फार काळ रमले नाहीत. थोड्याच काळात नोकरी सोडून ते गावी परतले.

रोगी तपासताना एक गोष्ट त्यांना सारखी खुपत होती. ज्या जुन्या निघंटूंवर वैद्य विसंबून होते, त्यांत चुका होत्या. कुठे एकाच वनस्पतीला दोन नावे देऊन तिची दोन औषधे केलेली, तर कुठे दोन वेगळ्या वनस्पती एकाच नावाखाली कोंबलेल्या. ह्वांगजिंग नावाची एक शक्तिवर्धक मुळी आहे आणि गोवेन नावाची एक जहाल विषारी वनस्पती. पाचव्या-सहाव्या शतकातले मोठे विद्वान ताओ होंगजिंग यांच्या नावावरच्या ग्रंथात या दोन्ही एकच असल्याचे सांगितले आहे, असा आक्षेप शिझेन यांनी घेतला. पुस्तकातली अशी चूक कागदावर राहत नाही. ती औषधाच्या दुकानात पोहोचते आणि तिथून रोग्याच्या पोटात.

१५५२ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आसपास, त्यांनी हा सगळा पसारा नव्याने लावायला घेतला. काम पुरे झाले १५७८ मध्ये. या २७ वर्षांत त्यांनी सुमारे ८०० ग्रंथ चाळले आणि मसुदा तीनदा पुन्हा लिहून काढला. ते केवळ पोथ्यांत बसून राहिले नाहीत. डोंगर-दऱ्यांत हिंडले, शेतकरी, कोळी, लाकूडतोडे, शिकारी यांना विचारत राहिले. खवल्या मांजर मुंग्या खाते, असे पुस्तकात वाचले तेव्हा त्यांनी एका खवल्या मांजराचे पोट फाडून पाहिले. आत मापटेभर मुंग्या निघाल्या. धोत्र्याची फुले दारूतून घेतली की माणूस भान हरपून हसू-नाचू लागतो, ही ऐकीव गोष्टही त्यांनी स्वतः घेऊन पडताळली. धोत्र्याचे चिनी नाव संस्कृतातल्या मंदार या शब्दावरून आले आहे.

ग्रंथाचे नाव बेनत्साओ गांगमू. खंड ५२, औषधद्रव्ये १,८९२, औषधांचे पाठ ११ हजारांहून अधिक आणि चित्रे हजारावर. प्रत्येक द्रव्याची मांडणी ठरीव होती. आधी नावे आणि त्यांचा अर्थ, मग ते कुठे उगवते आणि दिसते कसे, जुन्या ग्रंथांतल्या चुका, शुद्ध करण्याची रीत, रस आणि गुण, कोणत्या आजारावर द्यावे आणि शेवटी पाठ. म्हणजे औषध ओळखल्याशिवाय त्याच्या उपयोगाकडे वळायचेच नाही. आज चिनी वैद्यकात जखमांवर सर्रास वापरली जाणारी सान्छी ही मुळी निघंटूत प्रथम आली ती याच ग्रंथात. दक्षिणेकडचे सैनिक ती जखमेवर लावत, हे त्यांनी टिपून ठेवले.

ह्वांगछिनच्या प्रकरणात त्यांनी आपलीच हकिकत घातली. विसाव्या वर्षीचा ताप, फसलेली औषधे, वडिलांनी दिलेला काढा, मुळीचे वजन, पाण्याचे माप, सारे तपशिलासह. एका मुळीवर जीव वाचला म्हणून त्यांनी तिला सर्व रोगांवरचा उपाय मात्र केले नाही. ती कधी द्यावी आणि कधी देऊ नये, हेही त्याच प्रकरणात आहे. अमरत्वासाठी पारा खाणाऱ्यांवर तर त्यांनी कडक टीका केली. तरीही ग्रंथ त्यांच्या काळाचाच होता. आजच्या विज्ञानाला मान्य होणार नाहीत अशी कितीतरी द्रव्ये आणि समजुती त्यात आहेत.

लिहिणे संपले, पण छापायला कोणी मिळेना. एवढा मोठा ग्रंथ लाकडी ठशांवर कोरायचा, तर खर्च अफाट. १५८० मध्ये साठी उलटलेले शिझेन हस्तलिखित घेऊन वांग शिझेन या मोठ्या साहित्यिकाकडे प्रस्तावना मागायला गेले. ती हाती पडायला दहा वर्षे लागली. अखेर नानजिंगच्या हू चेंगलोंग या प्रकाशकाने काम घेतले. शिझेन यांच्या मुलांनी चित्रे आणि मजकूर सिद्ध करायला हातभार लावला. १५९३ मध्ये शिझेन वारले. छापील ग्रंथ आला तो १५९६ मध्ये. तीन परीक्षांत नापास झालेल्या माणसाला आयुष्याचे काम छापलेले पाहायला मिळाले नाही. त्याच वर्षी मुलगा जियानयुआन याने तो वानली बादशहाला सादर केला. ग्रंथ वाचायला ठेवून घ्यावा आणि संबंधित खात्याला कळवावे, एवढाच शेरा पडला. दरबाराकडून पुढे काहीच झाले नाही.

जे दरबाराने केले नाही, ते वैद्यांनी आणि छापणाऱ्यांनी केले. १६०३ मध्ये नवी आवृत्ती निघाली. १६०७ पर्यंत ग्रंथ जपानला पोहोचला. १७३५ मध्ये त्याचे काही भाग फ्रेंचमध्ये आले. २०११ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद जागतिक स्मृती यादीत केली.

ह्वांगछिनचा अभ्यासही थांबला नाही. तिच्यातले बायकालिन हे मुख्य द्रव्य विसाव्या शतकात जपानी शास्त्रज्ञांनी वेगळे केले. आजच्या चिनी औषधकोशानुसार वाळलेल्या मुळीत ते किमान ९ टक्के असावे लागते. मुळी थंड पाण्यात भिजत ठेवली, तर तिच्यातलीच विकरे बायकालिनचे विघटन करतात आणि मुळी हिरवी पडते. म्हणून ती वाफवून मग कापतात. हिरवी पडलेली मुळी हलकी, हे जुन्या जाणकारांचे म्हणणे रसायनशास्त्रानेही खरे ठरवले. प्रयोगशाळेत तिच्या घटकांनी दाह कमी केल्याचे आणि काही जंतूंची वाढ रोखल्याचे दिसते. ह्वांगछिन, पिओनी, ज्येष्ठमध आणि चिनी बोर यांच्या सुमारे १,८०० वर्षे जुन्या काढ्यावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात संशोधन झाले. कर्करोगावरील एका औषधाने उंदरांच्या आतड्यांना होणारी इजा या मिश्रणाने कमी झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र उंदरांवरचे निष्कर्ष म्हणजे माणसासाठीचे औषध नव्हे, आणि एक तरुण बरा झाला म्हणजे उपचार सिद्ध झाला, असेही नव्हे. छातीचे काही संसर्ग आपोआपही ओसरतात. शिवाय ह्वांगछिन निरुपद्रवी नाही. ती असलेल्या मिश्रणांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. १९९० च्या दशकात जपानमध्ये ह्वांगछिनसह सात द्रव्यांच्या एका काढ्यामुळे फुप्फुसांचा गंभीर दाह झालेले रुग्ण आढळले, त्यांतले काही दगावले. वनस्पतीचे आहे म्हणजे अपाय नाही, हा समज खोटा आहे.

शिझेन ज्या चुकीशी २७ वर्षे झगडले, तीही संपलेली नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत फांगजी नावाची चिनी मुळी घालायची होती. फांगजी या नावाने बाजारात दोन वेगळ्या मुळ्या मिळतात. त्यांतली चुकीची, अॅरिस्टोलोकिया प्रजातीतली मुळी गोळ्यांत गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. भारतात मिळणारी ईश्वरी किंवा सापसण ही वेलही याच प्रजातीतली आहे.

म्हणून कोणतीही मुळी घेण्याआधी ती नेमकी कोणती, कुणी ओळखली आणि आपल्याला चालते का, हे विचारायला हवे. इतर औषधे चालू असतील, गरोदरपण असेल किंवा यकृत-मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती घेऊच नये. वडिलांच्या एका काढ्याने वाचलेला ली शिझेन आयुष्यभर नेमके हेच करत राहिला. मुळीचे गुण गाण्याआधी त्याने तिची ओळख पटवून घेतली.