वाट मोकळी करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे

पाठपरिचय

युद्ध म्हटले की शत्रूवर तुटून पडणारा सैनिक आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु सैन्य पुढे सरकायचे तर आधी रस्ता हवा, पूल हवा, वाटेतले सुरुंग निघालेले हवेत. ही कामे करणाऱ्या अभियंता दलातील एका सैनिकाचे चरित्र प्रस्तुत पाठात दिले आहे. साधा शिपाई म्हणून भरती झालेल्या या तरुणाने पुढे परमवीरचक्र मिळवले. सैनिकी प्रशिक्षणातून अंगी बाणलेली चिकाटी प्रत्यक्ष रणांगणावर कशी उपयोगी पडते, हे या पाठातून दिसून येते.

सैनिक कसा घडतो?

दिल्लीच्या दक्षिण भागात आर. के. पुरम, म्हणजेच रामकृष्णपुरम, ही सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. तेथील वेस्ट ब्लॉक नावाच्या सरकारी इमारतींत भारतीय भूदलाच्या भरतीचे मुख्यालय आहे. देशभरातील भरती कार्यालयांचे कामकाज त्याच्या देखरेखीखाली चालते. लेखी परीक्षा, धावण्याची चाचणी, शरीराची मोजमापे आणि वैद्यकीय तपासणी अशा पायऱ्या ओलांडल्यावर तरुणाची निवड होते. मात्र निवड झाली म्हणजे सैनिक तयार झाला असे नाही. खरी घडण त्यानंतर, प्रशिक्षण केंद्रात होते. आर. के. पुरमची वसाहत अस्तित्वात येण्याच्याही आधी, १९४० साली, कारवारकडील एक तरुण अशाच घडणीला सामोरा गेला. त्याचे नाव रामा राघोबा राणे.

बालपण

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिया या गावी झाला. कारवारचा हा प्रदेश त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. आज तो कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र यांच्यामधील या पट्ट्यात कोंकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा कानांवर पडतात. राणे यांचे वडील पोलीस खात्यात शिपाई होते. त्यांची वरचेवर बदली होई आणि त्यामुळे मुलाची शाळाही बदले. अशा फिरतीतच राणे यांचे शिक्षण झाले.

१९३० साली देशभर स्वातंत्र्याच्या चळवळीने जोर धरला. बारा वर्षांचे राणे तिच्याकडे ओढले गेले. सरकारी नोकरीत असलेल्या पित्याला ही गोष्ट काळजीची वाटली. त्यांनी कुटुंबाला मूळ गावी, चेंडियाला आणून ठेवले. देशासाठी काहीतरी करावे ही भावना मात्र मुलाच्या मनात रुजली ती रुजलीच.

खडकीचे दिवस

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सैन्यभरतीला वेग आला. राणे यांनी सैन्यात जाण्याचा निश्चय केला. १० जुलै १९४० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते बॉम्बे सॅपर्स या अभियंता पथकात दाखल झाले. या पथकाचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आहे. देशात अशी आणखी दोन जुनी पथके आहेत. बंगाल सॅपर्सचे केंद्र रुडकीला, तर मद्रास सॅपर्सचे बंगळूरला आहे.

नव्याने भरती झालेल्याला सैन्यात रंगरूट म्हणतात. रंगरुटाचा दिवस पहाटे बिगुलाच्या आवाजाने सुरू होतो. व्यायाम, कवायत, गणवेशाची आणि हत्यारांची निगा, नेमबाजी, लांब पल्ल्याची कूच असा कार्यक्रम रात्रीपर्यंत चालतो. अंथरुणाची घडी चुकली किंवा हजेरीला क्षणाचा उशीर झाला, तरी शिक्षा होते. आरंभी हा जाच वाटतो. हळूहळू त्यामागचा हेतू उमगतो. ज्याला लहान काम चोख करण्याची सवय लागते, त्याचा हात संकटाच्या वेळी थरथरत नाही.

सॅपरला याशिवाय आणखी बरेच काही शिकावे लागते. नदीवर पूल उभारणे, खडकातून रस्ता काढणे, स्फोटके बेताने वापरणे, जमिनीत दडवलेले सुरुंग शोधून निकामी करणे ही त्याची विद्या असते. सुरुंग काढणारा सैनिक जमिनीवर पालथा पडून इंचाइंचाने पुढे सरकतो आणि माती हलकेच चाचपतो. तेथे घाई केली तर प्राण जातो आणि भ्यायले तर काम अडते.

राणे या विद्येत पारंगत झाले. आपल्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट रंगरूट म्हणून त्यांची निवड झाली आणि मानाची छडी त्यांना मिळाली. प्रशिक्षण संपताच त्यांना नाईक या पदावर बढती देण्यात आली.

ब्रह्मदेशातील कसोटी

त्यानंतर राणे यांची नेमणूक २८ फील्ड कंपनीत झाली. ही कंपनी २६ व्या पायदळ डिव्हिजनबरोबर ब्रह्मदेशात जपानी सैन्याशी लढत होती. आराकान भागातून सैन्याला माघार घ्यावी लागली, तेव्हा बुथिडाँग येथील महत्त्वाची साधनसामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती नष्ट करण्याचे काम एका लहान गटावर सोपवण्यात आले. या गटात राणे होते. काम उरकल्यावर नौदलाचे जहाज त्यांना घेऊन जाणार होते. काम पुरे झाले. परंतु जहाज आले नाही.

मागे शत्रू आणि पुढे नदी, अशी त्यांची अवस्था झाली. त्या नदीवर जपानी सैन्याची गस्त होती. गस्तीची नजर चुकवून या सैनिकांनी स्वतःच नदी पार केली आणि ते आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. या मोहिमेतील कामगिरीबद्दल राणे यांना हवालदारपद मिळाले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १५ डिसेंबर १९४७ रोजी राणे यांना अभियंता दलात सेकंड लेफ्टनंट म्हणून अधिकारपद मिळाले. शिपाई म्हणून सुरू झालेला प्रवास साडेसात वर्षांनी अधिकाऱ्याच्या पदापर्यंत पोहोचला. लहानपणी ज्या स्वातंत्र्याची ओढ लागली होती, त्याच्या रक्षणाची जबाबदारी आता त्यांच्या खांद्यावर आली.

नौशेरा ते राजौरी

त्या वेळी काश्मीरमध्ये युद्ध पेटलेले होते. आक्रमकांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी शहर ताब्यात घेतले होते आणि तेथील नागरिकांवर घोर अत्याचार चालवले होते. राजौरी सोडवायचे, तर दक्षिणेकडील नौशेराहून रणगाडे तेथे पोहोचणे आवश्यक होते. वाट एकच होती आणि तीही डोंगरातून जाणारी. शत्रूने ती जागोजागी तोडली होती, तिच्यावर झाडे पाडली होती आणि सुरुंग पेरले होते. ही वाट मोकळी करण्याचे काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीकडे आले. तिचे नेतृत्व राणे यांच्याकडे होते. अधिकारपद मिळून त्यांना चार महिनेही झाले नव्हते.

८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी अकराच्या सुमारास ही तुकडी सुरुंग काढण्याच्या तयारीत असताना शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच ठार झाले आणि पाच जखमी झाले. जखमींमध्ये स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्या जवानांना लगेच सावरले आणि कामाला लावले. त्या दुपारी डोग्रा पलटणीने बरवाली टेकडी जिंकली. आसपास शत्रू अजून होताच. तरीही राणे तुकडी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदू लागले. मशीनगनच्या माऱ्यात, शत्रूच्या नजरेसमोर, रात्री दहापर्यंत हे काम चालू राहिले.

९ एप्रिलला सकाळी सहा वाजता पुन्हा काम सुरू झाले. दुपारी तीन वाजता वळणरस्ता तयार झाला आणि रणगाडे निघाले. राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडे आडवी पडलेली होती. राणे यांनी उतरून ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तोच अडथळा आला. पुढे एक मोरी उद्ध्वस्त केलेली होती. तेथे काम सुरू होण्याआधीच गोळ्यांचा वर्षाव झाला. तरी बगलेने वाट काढली गेली. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडे आणि त्यांच्याभोवती पेरलेले सुरुंग असा बिकट अडथळा आला. राणे सुरुंग काढू लागले होते; पण अंधार पडत असल्याने सैन्याला थांबावे लागले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाच वाजता राणे त्याच अडथळ्याशी पुन्हा भिडले आणि साडेसहाला तो दूर झाला. पुढील हजार यार्डांत अडथळ्यांची आणि ढासळलेल्या बांधांची रांगच लागली होती. जखमी अवस्थेत, गोळ्यांच्या माऱ्यात त्यांनी साडेदहापर्यंत ती वाट मोकळी केली. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून पुढे गेले आणि दुपारी दोन वाजता चिंगसला पोहोचले. अन्नधान्य व दारूगोळा आणणाऱ्या गाड्यांना मात्र पक्का रस्ताच हवा होता. म्हणून राणे मागे राहून काम करत राहिले. अन्न नाही, विश्रांती नाही, अशा स्थितीत रात्रीचे नऊ वाजले. ११ एप्रिलला सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्री दहापर्यंत त्यांनी त्याही पुढचा रस्ता साफ केला.

१२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत शिरले. शहराची नासधूस झाली होती आणि असंख्य नागरिक मारले गेले होते. जे उरले होते, त्यांना सैन्याच्या येण्याने जीवदान मिळाले. रस्ता आणखी काही दिवस बंद राहिला असता, तर हे प्राणही वाचले नसते.

गौरव आणि अखेर

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्र या सर्वोच्च युद्धसन्मानाची स्थापना झाली. त्याच्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाई एका मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून भारतीय झाल्या होत्या. १९४७-४८ च्या युद्धासाठी पाच वीरांना हे पदक मिळाले. त्यांपैकी तिघांना ते मरणोत्तर देण्यात आले. जे दोघे हयात होते, त्यांत राणे होते.

त्यानंतरही राणे अनेक वर्षे सैन्यात होते. एकूण अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत युद्ध-अहवालांमध्ये त्यांचा पाच वेळा गौरवपूर्ण उल्लेख झाला. १९६८ साली ते मेजर या पदावरून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

२००६ साली कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २०२३ साली अंदमान-निकोबारमधील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. राणे यांचे शौर्य एका क्षणाच्या आवेशातून आलेले नव्हते. चार दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, एकामागून एक अडथळा दूर करणारे ते शौर्य होते. खडकीच्या मैदानावर रंगरूट म्हणून घेतलेल्या कष्टांचे चीज राजौरीच्या वाटेवर झाले.

शब्दार्थ

रंगरूट – सैन्यात नव्याने भरती झालेला शिपाई
कूच – सैन्याची चाल
मोरी – रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेला लहान पूल
पारंगत – निपुण
चीज होणे – सार्थक होणे

स्वाध्याय

१. राणे यांना लहानपणी वारंवार शाळा का बदलावी लागली?
२. सॅपरला कोणकोणती कामे शिकावी लागतात?
३. बुथिडाँग येथे राणे व त्यांचे सहकारी कोणत्या संकटात सापडले?
४. रणगाडे चिंगसला पोहोचल्यावरही राणे काम का करत राहिले?
५. 'ज्याला लहान काम चोख करण्याची सवय लागते, त्याचा हात संकटाच्या वेळी थरथरत नाही.' हे विधान तुमच्या व्यवसायातील किंवा घरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.