बॉम्ब पडत होते, अन् लंडन हिटलरवर हसत होतं

चार्ली चॅप्लिन आणि हिटलर यांच्या वयात फक्त चार दिवसांचं अंतर. चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा, हिटलरचा २० एप्रिलचा. मिशीही दोघांची सारखीच, नाकाखाली चिकटवल्यासारखी. चॅप्लिनची तर खरोखरच चिकटवलेली असायची.

चॅप्लिन लंडनच्या गरीब वस्तीत वाढला. आई-बाप दोघंही स्टेजवर गाणारे. बाप दारूनं गेला, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. सातव्या वर्षी या पोराला निराधारांच्या आश्रमात राहावं लागलं. पुढं एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर तो अमेरिकेला गेला आणि १९१४ पासून पिक्चरमध्ये दिसू लागला. ढगळ विजार, मोठाले बूट, हातात काठी. तोंडातून शब्द न काढता त्यानं जग हसवलं. न शिकलेल्या माणसालाही त्याचा पिक्चर कळायचा.

हिटलरची टिंगल करणारा 'द ग्रेट डिक्टेटर' काढायचं त्यानं ठरवलं, तेव्हा फार कुणाला ते नको होतं. इंग्लंडचं सरकार हिटलरला चुचकारत होतं. तिथं हा पिक्चर लागू देणार नाहीत, अशीच चिन्हं होती. अमेरिकाही युद्धापासून लांब. चॅप्लिननं पदरचा पैसा घातला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि काही दिवसांतच त्याचं शूटिंग सुरू झालं.

यात त्याचा डबल रोल आहे. एक गरीब ज्यू न्हावी, दुसरा हिंकेल नावाचा हुकूमशहा. हिटलरच्या झेंड्यावरच्या स्वस्तिकाच्या जागी चॅप्लिननं दोन फुल्या मारल्या. हुकूमशहा पृथ्वीचा गोल फुग्यासारखा उडवत नाचतो आणि शेवटी तो फुगा फुटतो. हा सीन आजही मोबाईलवर फिरतो.

१५ ऑक्टोबर १९४० ला पिक्चर न्यूयॉर्कला लागला. डिसेंबरात लंडनला आला. तेव्हा लंडनवर रात्री जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती. तरी माणसं थेटरात गेली आणि ज्याच्या विमानांनी घरं पाडली त्याच्यावरच पोट धरून हसली. जे सरकार आधी कचरत होतं, त्यालाही आता हा पिक्चर सोयीचा झाला होता. वेळ बदलली की सरकारची नजर बदलते, ती अशी.

शेवटावर मात्र वाद झाला. न्हाव्याला लोक हुकूमशहा समजतात, भाषणाला उभं करतात. आयुष्यभर मुका राहिलेला चॅप्लिन तिथं काही मिनिटं सलग बोलतो, माणुसकीबद्दल, सैनिकांनी गुलाम होऊ नये याबद्दल. सामान्य प्रेक्षकाला ते आवडलं. बऱ्याच टीकाकारांना ते प्रचारकी वाटलं, काहींना त्यात कम्युनिस्ट दिसला. तो शिक्का पुढं पुसला गेला नाही. १९५२ मध्ये तो लंडनला निघाला आणि अमेरिकेनं मागं दार लावून घेतलं.

छळछावण्यांत काय चाललं होतं हे नंतर कळल्यावर, आधी माहीत असतं तर असा विनोदी पिक्चर केलाच नसता, असं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

हिटलरच्या ताब्यातल्या देशांत पिक्चरवर बंदी होतीच. स्पेनमध्ये तर हुकूमशहा फ्रँको असेपर्यंत तो लागला नाही. फ्रँको १९७५ ला गेला, मग तिथल्या थेटरांत पिक्चर आला. चॅप्लिन २५ डिसेंबर १९७७ ला स्वित्झर्लंडमध्ये वारला.