कुत्र्यांच्या रक्तातले जंत आणि डॉ. सुब्बाराव : नाव मागे राहिलेल्या संशोधकाची गोष्ट

नवी मुंबईत नेरूळमधलं सारसोळे हे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. पाम बीच रोड ओलांडला की सारसोळे जेट्टी, खारफुटी आणि खाडी. अशा ठिकाणी ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांना दोन गोष्टी चांगल्याच माहीत असतात. एक म्हणजे जंताचं औषध आणि दुसरी म्हणजे डास.

या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कुत्र्याला होणारे सगळे जंत पोटात राहत नाहीत. काही जंत डास चावल्यामुळे शरीरात शिरतात आणि थेट हृदयापर्यंत किंवा कातडीखाली जाऊन बसतात. विष्ठेत ते कधीच दिसत नाहीत. त्यांची पिल्लं रक्तात फिरत असतात आणि रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरच सापडतात.

रक्तातल्या या पिल्लांना हटवणारं, तोंडाने देता येणारं आणि तुलनेने सुरक्षित असं औषध जगाला १९४७ मध्ये मिळालं. ज्या प्रयोगशाळेत ते तयार झालं, तिचे प्रमुख होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. पोटाच्या आजाराने दोन भाऊ गमावलेला आंध्रचा हा माणूस तिथपर्यंत कसा पोहोचला, त्याची ही गोष्ट.

घरातून पळालेला मुलगा

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा, आजच्या आंध्र प्रदेशातल्या भीमावरम इथला. वडील महसूल खात्यात होते, पण आजारपणामुळे त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली आणि घरात कायमची ओढाताण सुरू झाली. तेराव्या वर्षी हा मुलगा पैसे कमवायचे म्हणून घरातून पळाला. बेत होता काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकण्याचा. आईने त्याला परत आणलं आणि पुन्हा शाळेत बसवलं. मॅट्रिक व्हायला त्याला तीन प्रयत्न लागले.

पुढे मद्रासला शिकताना त्यांना रामकृष्ण मिशनची ओढ लागली. संन्यास घ्यायचं मनात होतं, पण आईने परवानगी दिली नाही. रुग्णसेवा करायची असेल तर डॉक्टर हो, असा मार्ग मिशनकडूनच सुचवला गेला आणि ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. शिक्षणाचा खर्च मित्रांनी आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी उचलला. पुढे मूर्ती यांच्याच मुलीशी, शेषगिरी यांच्याशी, त्यांचं लग्न झालं.

तो गांधीजींच्या चळवळीचा काळ होता. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घालू लागले. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचलं नाही. अभ्यासात हुशार असूनही त्यांच्या हाती एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालची पदवी पडली. सरकारी वैद्यकीय सेवेची वाट त्यामुळे बंद झाली. मग ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

दोन भावांचे मृत्यू

याच सुमारास घरावर मोठा घाव बसला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने गेले. या आजारात आतडी अन्नातलं सत्त्व शोषून घेऊ शकत नाहीत. सतत जुलाब होतात, रक्त कमी होत जातं आणि माणूस खंगतो. हे नेमकं कशामुळे होतं, तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं आणि खात्रीचं औषधही नव्हतं. सुब्बारावांनाही हाच आजार झाला. वैद्य आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले.

रोगाचं कारण माहीत नसलं तर डॉक्टर किती हतबल असतो, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. पुढची २५ वर्षं त्यांनी जे काम केलं, त्याची मुळं या अनुभवात सापडतात.

बोस्टनची रात्रपाळी

सासरे आणि काही हितचिंतकांच्या मदतीने पैसे जमवून सुब्बाराव १९२३ मध्ये अमेरिकेत बोस्टनला गेले. हार्वर्ड विद्यापीठात उष्ण कटिबंधातल्या रोगांचं शिक्षण घ्यायचं होतं. खिसा रिकामाच होता. अमेरिकेत डॉक्टरकी करायचा परवाना नव्हता, म्हणून इस्पितळात रात्रपाळीला रुग्णांची भांडी साफ करण्यासारखी कामं करून ते दिवसा शिकत. गावी त्यांना मुलगा झाला आणि तान्हेपणीच गेला. त्या मुलाचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पत्नीचीही पुन्हा कधी भेट झाली नाही.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करताना १९२५ मध्ये त्यांनी रक्त आणि लघवीतला फॉस्फरस मोजण्याची सोपी पद्धत शोधली. नमुन्यात रसायनं घालायची आणि निळा रंग किती गडद येतो, त्यावरून प्रमाण काढायचं. ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली. मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाचा फॉस्फरस डॉक्टर आजही पाहतात. रुग्ण माणूस असो की म्हातारा कुत्रा.

याच कामातून स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन आणि पेशींना ऊर्जा पुरवणारं एटीपी यांचा शोध लागला. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली प्रयोगशाळेत गेले आणि पुढे तिथले संशोधन संचालक झाले.

तिथे त्यांच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केलं. ज्या संग्रहणीने त्यांचे भाऊ गेले, त्या आजाराच्या रुग्णांनाही या जीवनसत्त्वाचा उपयोग झाला.

कुत्र्यांच्या रक्तात काय दिसलं?

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर लढणाऱ्या अनेक अमेरिकी सैनिकांना डासांमुळे फायलेरियाची लागण झाली. या जंतांमुळेच माणसाला हत्तीरोग, म्हणजे हत्तीपाय होतो. तोवर वापरात असलेली आर्सेनिक आणि अँटिमनीची औषधं विषारी होती. शिवाय ती टोचावी लागत.

लेडर्लीमध्ये नव्या औषधाचा शोध सुरू झाला. रसायनतज्ज्ञ एकामागून एक संयुगं बनवत आणि रेजिनाल्ड हेविट यांचा गट ती प्राण्यांवर तपासून पाहत असे. आधी कॉटन रॅट नावाच्या उंदरांवर आणि मग कुत्र्यांवर. हे कुत्रे मुद्दाम आजारी पाडलेले नव्हते. डासांमुळे त्यांना आधीच हृदयातल्या जंतांची लागण झालेली होती.

पिपरॅझिन या रसायनापासून बनवलेलं एक संयुग दिल्यावर प्राण्यांच्या रक्तातली जंतांची पिल्लं झपाट्याने कमी झाली. त्याचं नाव डायइथाइलकार्बामॅझिन, म्हणजेच डीईसी. त्याच वर्षी पोर्तो रिको बेटावर ते फायलेरियाच्या रुग्णांना देण्यात आलं आणि तिथेही ते लागू पडलं. बाजारात ते हेट्राझान या नावाने आलं. इओसिनोफिलियाच्या खोकल्यावर हेट्राझानच्या गोळ्या घेतलेली माणसं महाराष्ट्रातल्या अनेक घरांत सापडतील.

पशुवैद्य आधी रक्त का तपासतात?

पुढे डीईसी कुत्र्यांच्या दवाखान्यातही आलं. डासांच्या हंगामात रोज थोड्या मात्रेत दिलं, तर हृदयातल्या जंतांची लागण टळत असे. जास्त मात्रेत ते पोटातल्या गोल जंतांवरही चालत असे.

पण एक धोका लक्षात आला. ज्या कुत्र्याच्या रक्तात जंतांची पिल्लं आधीपासून आहेत, त्याला हे औषध दिलं तर ती एकदम मरतात आणि कुत्र्याला जोराची प्रतिक्रिया येऊ शकते. तो कोसळतो, कधी दगावतोही. त्यामुळे आधी रक्ततपासणी आणि मगच औषध, हा नियम पडला. १९८७ पासून महिन्यातून एकदा द्यायचं आयव्हरमेक्टिन आलं आणि रोजच्या डीईसीची जागा त्याने घेतली. तपासणीचा नियम मात्र कायम राहिला.

मुंबईच्या कुत्र्यांमध्ये कातडीखाली राहणारा डायरोफिलेरिया रेपेन्स हा जंत आढळल्याचं पशुवैद्यकीय अभ्यासांत नोंदलेलं आहे. तो हृदयातल्या जंताइतका घातक नसतो, पण रक्तातली दोघांची पिल्लं बरीच सारखी दिसतात. ती कुठल्या जंताची आहेत, हे पाहूनच उपचार ठरतात. म्हणून खाडीकाठच्या भागात कुत्र्याला सतत खोकला येत असेल, तो लवकर दमत असेल किंवा अंगावर गाठी दिसत असतील, तर पशुवैद्य रक्त मागतात.

पोटातल्या जंतांचं काय?

तिथेही आधी जंत ओळखणं महत्त्वाचं. एकच औषध सगळ्या जंतांवर चालत नाही.

- गोल जंत : शेवयांसारखे दिसतात. पिल्लांना ते आईच्या पोटातूनच किंवा दुधातून येतात. पोट फुगलेलं आणि बरगड्या दिसणाऱ्या पिल्लात हे असण्याची शक्यता मोठी. यांच्यावर पिपरॅझिन चालतं.
- आकडीसारखे जंत : आतड्याला चिकटून रक्त पितात. हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा शी काळपट झाली, तर थांबू नये. लहान पिल्लू यात दगावू शकतं. यांच्यावर साधं पिपरॅझिन पुरेसं नाही.
- चपटे जंत : शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. कुत्रा पिसू गिळतो तेव्हा हे पोटात जातात. त्यांच्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं आणि पिसवांचा बंदोबस्त केला नाही, तर ते पुन्हा होतात.

पिल्लांना साधारण दोन आठवड्यांची झाल्यापासून दर दोन आठवड्यांनी, दोन-तीन महिन्यांची झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी औषध देण्याची पद्धत आहे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून आधी वजन करावं. घरातली माणसांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नये. कोली जातीच्या काही कुत्र्यांना तर आयव्हरमेक्टिनची जास्त मात्रा जीवघेणी ठरू शकते.

कुत्रा ढुंगण जमिनीला घासतो म्हणजे जंतच झाले, असंही नाही. गुदाजवळच्या ग्रंथी भरल्या तरी तो तसंच करतो. खात्री करायची तर ताज्या शीचा नमुना दवाखान्यात द्यावा. त्यात अंडी दिसली की जंत कुठला, तेही कळतं.

घरात लहान मुलं असतील तर शी लगेच उचलावी. गोल जंतांची अंडी ताज्या विष्ठेत लागण करत नाहीत. मातीत काही आठवडे पडून राहिली की मग ती धोकादायक होतात.

नाव मागे राहिलं, काम पुढे गेलं

डीईसी आलं त्याच काळात सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बाहेर पडलं. तिथेच तयार झालेल्या अमिनोप्टेरिनमुळे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांमध्ये तात्पुरता का होईना, पण पहिल्यांदाच उतार पडलेला दिसला. बहुतेक शोध सहकाऱ्यांच्या नावाने ओळखले गेले. सुब्बाराव प्रसिद्धीपासून दूरच राहत. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

ऑगस्ट १९४८ मध्ये झोपेतच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. औषध येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. भारताने १९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. एका बुरशीलाही सुब्बारोमायसिस असं नाव दिलेलं आहे.

महाराष्ट्रात त्यांचं औषध आजही दारोदार फिरतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा अशा जिल्ह्यांत हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन डीईसीच्या गोळ्या समक्ष खायला लावतात. सोबत अल्बेंडाझोल असतं, ते पोटातल्या जंतांसाठी. गोळी घेतल्यावर काहींना थोडा ताप येतो किंवा डोकं दुखतं आणि लोक घाबरून पुढच्या वर्षी गोळी नाकारतात. अनेकदा हा त्रास रक्तातली पिल्लं मरत असल्यामुळेच होतो. कुत्र्यांमध्ये जे जोरात घडू शकतं, त्याचंच हे सौम्य रूप.

म्हणून पशुवैद्याने कुत्र्याला जंताचं औषध देण्याआधी त्याचं वजन, शी किंवा रक्ताचा थेंब मागितला, तर तो खर्च फुकटचा समजू नये. नेमका जंत कळला, तरच त्याच्यावरचं योग्य औषध देता येतं.