शून्याचा ताळा आणि महावीराचार्य

शाळेच्या पाठ्यपुस्तकात नैसर्गिक संख्या 1 पासून आरंभ होतात आणि त्यांच्या अग्रभागी शून्य आणून बसविले की त्याच समूहास पूर्ण संख्या हे नाव प्राप्त होते. केवळ एक शून्य वाढले म्हणून नाव का बदलावे, असे माझ्या नातीने मला विचारले. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून आणि उभा जन्म कापडाची थाने मोजण्यात घालवूनही मला तिचे समाधान करता आले नाही. त्या शोधात मी महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथापर्यंत पोहोचलो. आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे नाव ऐकले असेल, परंतु त्यांचे कार्य फार थोड्यांना ठाऊक असेल.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या राज्यकाळात, इसवी सन 850 च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला. मान्यखेट ही सम्राटांची राजधानी. आज कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीच्या तीरी मळखेड नावाने ते गाव उभे आहे. आपल्या महाराष्ट्राचा मोठा भागही त्या काळी याच सत्तेखाली होता. ज्या सम्राटांचे गुरू आचार्य जिनसेन, ज्यांच्या आश्रयाने 837 मध्ये ‘जयधवला’ पूर्णत्वास गेली, त्यांच्या छायेत आचार्यांनी गणित लिहिले. स्वतःचे कुल, गाव, मातापिता यांविषयी मात्र त्यांनी ग्रंथात मौन पाळले आहे. भगवान महावीरांस वंदन करावे, राजाचा गौरव करावा आणि आपण पूर्वसूरींच्या ज्ञानसागरातून थोडी रत्ने वेचली एवढेच नम्रपणे नमूद करावे, ही त्यांची रीत. तेव्हा त्यांचे चरित्र त्यांच्या गणितातच वाचावे लागते.

त्यापूर्वीचे बहुतेक गणित ज्योतिषाच्या ग्रंथांतून एखाददुसऱ्या अध्यायापुरते येत असे. आचार्यांनी गणितासाठी गणित असा स्वतंत्र ग्रंथ रचला. अकराशेहून अधिक श्लोकांत त्यांनी परिकर्म, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, खोदकाम, छाया हे सारे विषय घेतले. व्यापार, पाककला, वैद्यक, वास्तुविद्या, छंदःशास्त्र, ग्रहांची गती या सर्वांस गणित लागते, किंबहुना चराचरात गणितावाचून काहीच नाही, असा त्यांचा भाव होता. एकापासून महाक्षोभापर्यंत 24 स्थानांची नावे त्यांनी दिली. संख्यांसाठी योजलेले सांकेतिक शब्दही आपल्या परिचयाचे आहेत : रत्न म्हणजे 3, कषाय म्हणजे 4, कर्म म्हणजे 8. शून्यासाठी मात्र आकाश, गगन, अंबर.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या आगमपरंपरेत संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद आहेत आणि त्यांतील जघन्य संख्यात म्हणजे 2. एक ही गणनेत येत नाही. एकच वस्तू समोर असता ती दिसते, मोजावी लागत नाही. म्हणजे मोजणी कोठून आरंभावी हा प्रश्न आपल्या पूर्वजांना शाळेतल्या मुलीइतकाच खरा वाटत होता. जी मोजता येते ती नैसर्गिक संख्या. परंतु जे उरलेच नाही त्याची नोंद करावयाची झाल्यास शून्य हवे. पाच थाने होती, पाचही विकली, तर साठ्याच्या वहीत रकाना कोरा सोडून चालत नाही. कोऱ्या जागी उद्या कोणीही आकडा लिहील!

या शून्याला आचार्यांनी अन्य संख्यांच्या पंक्तीत बसवून त्याचे नियम दिले. शून्य मिळविले अथवा वजा केले तर संख्या अविकारी राहते, शून्याने गुणिले तर शून्य येते. हे तंतोतंत बरोबर. परंतु पुढे त्यांनी शून्याने भागिले असताही संख्या तशीच राहते असे म्हटले, आणि येथे त्यांची चूक झाली. आपल्या समाजात आचार्यांची चूक सांगणे काहींना अप्रशस्त वाटेल. मला तसे वाटत नाही. त्यांची दृष्टी व्यवहाराची असावी. वीस मीटर कापड आहे, गिऱ्हाईक एकही आले नाही, तर फळीवर वीस मीटरच राहील. दुकानदारास हे पटते. पण ताळा करून पाहावा. 20 ला 5 ने भागून 4 आले, तर 4 ला 5 ने गुणिल्यावर 20 परत मिळतात. 20 ला शून्याने भागून 20 च आले म्हणावे, तर उलट गुणिल्यावर हाती शून्य येते. ताळा जुळत नाही. कोणतीही संख्या घेतली तरी जुळत नाही, म्हणून हा भागाकार आज अर्थहीन मानतात. याच प्रश्नापाशी 628 मध्ये ब्रह्मगुप्त आणि 1150 मध्ये भास्कराचार्यही अडखळले होते. ऋण संख्या वर्ग होऊ शकत नाही, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे मात्र महावीराचार्यांनीच स्पष्टपणे नोंदविले.

त्यांना संख्यांचे कौतुकही मोठे होते. 139 गुणिले 109 केले की 15151 येतात; 27994681 गुणिले 441 केले की 12345654321. डावीकडून वाचा वा उजवीकडून, माळ तीच. नातीने हा गुणाकार कागदावर दोनदा केला, यंत्रावर नाही.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लना यांनी हा ग्रंथ तेलुगूत नेला. पुढे 1912 मध्ये मद्रास येथे प्रा. एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रकाशित केला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. 1963 मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो आपल्या सोलापुरात, जीवराज जैन ग्रंथमालेत छापला गेला.