पंडित विष्णु नारायण भातखंडे : लखनौतील कार्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पांढरपेशा घरांत गाणे ऐकण्यास मज्जाव नव्हता. शिकणे मात्र कुलीनतेला न शोभणारे मानले जाई. गवई म्हणजे आश्रित आणि गाणारी स्त्री म्हणजे कोठ्यावरची, अशी समाजाने सोपी वर्गवारी करून टाकली होती. वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे याच समाजातले. त्यांनी वकिली पत्करली. पण विद्यार्थिदशेत जडलेला सतारीचा छंद सुटला नाही. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचा कान तयार झाला. पुढे पत्नी आणि एकुलती कन्या दोघीही निवर्तल्या. वकिली मागे पडली आणि भातखंडे संगीताच्या शोधार्थ देशभर हिंडू लागले.

घराण्यांच्या चिजा मिळवणे सोपे नव्हते. विद्या हीच ज्यांची इस्टेट, त्यांनी ती एका वकिलाच्या वहीत का उतरू द्यावी? उस्तादांचा हा संकोच रास्तच म्हटला पाहिजे. तरीही चिकाटीने मिळवलेल्या शेकडो बंदिशी भातखंड्यांनी स्वरलिपीत बांधल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मराठीत लिहिला.

लखनौतील १९२४ व १९२५ च्या संगीत परिषदांनंतर, १९२६ साली तेथे मॅरिस कॉलेज उभे राहिले. राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचा त्याला मोठा आधार होता; नाव मात्र गव्हर्नरसाहेबांचे! वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र यांनी जादू केली. उस्तादाच्या घरी मुलांना धाडण्यास जे पालक कचरत, ते कॉलेजात निःशंक पाठवू लागले. परीक्षेने गवई घडतो काय, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. परंतु जाणता श्रोता आणि प्रतिष्ठित संगीतशिक्षक त्यातूनच निपजला. तबल्याचे खलिफा आबिद हुसेन खाँही येथे अध्यापक झाले. १९२८ पासून श्रीकृष्ण रातंजनकरांनी प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले.

ज्या तवायफांनी दरबार उठल्यावर लखनौची ठुमरी जगवली, त्यांच्या वाट्याला हा नवा मान आला नाही. गाणे कुलीन झाले, त्या बाहेरच राहिल्या.

भातखंडे १९ सप्टेंबर १९३६ रोजी निवर्तले. १९६६ मध्ये कॉलेजला त्यांचे नाव मिळाले. आता तेथे विद्यापीठ आहे. ते भरते कैसरबागेतील परीखान्यात, जेथे नवाब वाजिद अली शाहांच्या काळी मुलींना गाण्याची आणि नृत्याची तालीम दिली जाई.