विश्लेषण : राष्ट्रीय सागरी दिन ५ एप्रिललाच का? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचे भाडेयुद्ध काय होते?

दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. १९१९ मध्ये याच तारखेला 'एसएस लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. ते सिंदिया स्टीम नेव्हिगेशन या भारतीय कंपनीचे होते. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, वालचंद हिराचंद, त्याच जहाजातून प्रवास करत होते. जहाज मिळाले, पण कंपनी टिकवणे त्याहून अवघड ठरले.

वालचंद कोण होते?

वालचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरच्या दोशी कुटुंबात झाला. घरचा व्यवसाय कापूस आणि सावकारीचा. त्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाची ठेकेदारी घेतली. वाहतुकीच्या धंद्यातली ही त्यांची सुरुवात.

जहाज कुठून आले?

पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील 'लॉयल्टी' विक्रीला निघाले. युद्धात ते रुग्णालय-जहाज म्हणून वापरले गेले होते. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन ते खरेदी केले. कंपनीला 'सिंदिया' हे नाव त्यावरूनच मिळाले.

भाडेयुद्ध म्हणजे काय?

भारताच्या किनाऱ्यावरील मालवाहतुकीवर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांची पकड होती. त्यात ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन सर्वांत बलाढ्य. नवा स्पर्धक आला की या कंपन्या भाडे इतके उतरवत, की त्याचा खर्चही निघू नये. दुसरे हत्यार होते उशिरा मिळणाऱ्या सवलतीचे. ठरावीक काळ सगळा माल आपल्याच जहाजांतून पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्याचा काही भाग नंतर परत मिळे. मधेच दुसऱ्याला माल दिला, तर ती रक्कम बुडाली. त्यामुळे मनात असूनही व्यापारी भारतीय जहाजाकडे वळायला धजत नसत.

अशाच स्पर्धेने चिदंबरम पिल्ले यांची १९०६ मध्ये स्थापन झालेली स्वदेशी जहाज कंपनी जेरीस आणली होती. सिंदियावरही तीच वेळ आली. किनारी मार्गांवर आणि ब्रह्मदेशच्या तांदळाच्या वाहतुकीत भाडे कोसळले, तोटा वाढला.

तडजोड का झाली?

१९२३ मध्ये सिंदियाने ब्रिटिश कंपन्यांशी करार केला. त्यात किनारी मालवाहतुकीतला वाटा मिळाला, पण परदेशी मार्ग आणि जहाजांच्या संख्येवर बंधने आली. हा कडू घोट होता, मात्र कंपनी वाचली. १९२९ मध्ये वालचंद अध्यक्ष झाले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव ठेवावी, ही मागणी त्यांनी सतत लावून धरली.

तरुणांना काय मिळाले?

भारतीय खलाशी जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या राबत होते, पण अधिकाऱ्यांच्या जागा जवळपास सगळ्या ब्रिटिशांकडे. १९२७ मध्ये मुंबईत 'डफरीन' या प्रशिक्षण जहाजावर भारतीय कॅडेट घडू लागले. मात्र प्रशिक्षणानंतर नोकरीसाठी जहाज हवेच. सिंदियाने या तरुणांना आपल्या जहाजांवर घेतले. भारतीय कंपनी बुडाली असती, तर ही वाटही अरुंद झाली असती.

पुढे काय झाले?

वालचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरुत म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने विमान कारखाना उभारला. १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तिथे बांधलेल्या 'जल उषा'चे जलावतरण १९४८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. १९५३ मध्ये वालचंद यांचे निधन झाले.

'लॉयल्टी' मात्र १९२३ मध्येच भंगारात गेली होती. राष्ट्रीय सागरी दिन पाळायला सुरुवात झाली १९६४ पासून.