१.६ घातवाला स्टाइनमेट्झ

आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये १००० वॅटच्या पॉवर सप्लायसाठी पीएफसी कंट्रोलर कोणता घ्यायचा यावर बरेच दिवस वाद चालला. पीएफसी हवाच होता. नुसता ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर लावला, तर करंट फक्त व्होल्टेजच्या शिखराजवळ झटक्याने येतो. पॉवर फॅक्टर ०.६ धरला, तर २३० व्होल्टवर १००० वॅटला सव्वासात अँपिअर लागतात. १ च्या जवळ नेला तर साडेचारसुद्धा नाही. या शोधात इंडक्टर कोअरच्या कॅटलॉगमध्ये एक नाव सारखं भेटत होतं : स्टाइनमेट्झ. म्हटलं, हा कोण ते बघू तरी.

कार्ल स्टाइनमेट्झचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाऊ इथे झाला. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. वडिलांसारखंच त्याच्याही पाठीला कुबड होतं. गणितात मात्र पोरगा तल्लख. डॉक्टरेट हाताशी आलेली असताना समाजवादी चळवळीतल्या कामामुळे पोलिसांचा ससेमिरा लागला आणि १८८८ मध्ये त्याला गाव सोडून पळावं लागलं. झुरिचमार्गे १८८९ मध्ये तो अमेरिकेत पोचला. तिथे कार्लचा चार्ल्स झाला. योंकर्सला रुडॉल्फ आयकमायरच्या कारखान्यात नोकरी लागली.

त्या काळी मोटरचं लोखंड किती तापणार, हे ती बांधून झाल्यावरच कळायचं. स्टाइनमेट्झने भरपूर मोजमापं घेतली आणि १८९२ मध्ये नियम मांडला : प्रत्येक सायकलमागे हिस्टेरेसिस लॉस हा कमाल फ्लक्स डेन्सिटीच्या १.६ घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फ्लक्स डेन्सिटी दुप्पट केली तर लॉस जवळजवळ तिप्पट! आता यंत्र बांधण्याआधीच कागदावर हिशेब करता येऊ लागला. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्याने एसी सर्किटसाठी कॉम्प्लेक्स नंबर वापरायची रीत मांडली. आपण सेकंड इयरला 'जे' लावून गणितं सोडवतो, ती त्याचीच कृपा.

पुढे जनरल इलेक्ट्रिकने आयकमायरची कंपनी घेतली आणि तो स्केनेक्टडीला गेला. १९०२ पासून युनियन कॉलेजात शिकवलं, १९२२ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडून दाखवली. आपलं व्यंग पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्याने लग्न केलं नाही. सहकारी जोसेफ हेडनला मुलगा मानून दत्तक घेतलं आणि त्याच्या मुलांचा आजोबा झाला. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी तो गेला.

आमचा वाद शेवटी त्याच्याच गणिताने मिटला. क्रिटिकल कंडक्शन मोडच्या कंट्रोलरमध्ये इंडक्टरचा करंट प्रत्येक स्विचिंग सायकलला शून्यावर येतो, म्हणून त्याचं शिखर सरासरीच्या दुप्पट असतं आणि कोअरमधला फ्लक्स तेवढाच जोरात खालीवर होतो. दोन-तीनशे वॅटपर्यंत हे छान चालतं. १००० वॅटला कंटिन्युअस मोड बरा : रिपल कमी, म्हणून कोअर लॉस कमी. बदल्यात डायोडचा रिव्हर्स रिकव्हरी लॉस येतो, त्यासाठी सिलिकॉन कार्बाइड डायोड घातला.

१.६ हा आकडा त्या काळच्या लोखंडाचा. आजच्या फेराइटचे आणि पावडर कोअरचे घात वेगळे, शिवाय फ्रिक्वेन्सीचाही घात लागतो. ते सगळे कॅटलॉगमध्ये मिळतात. तेव्हा ज्युनिअर मंडळी, कंट्रोलर मागवायच्या आधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन कोअर लॉस काढाच. खर्च शून्य, आणि प्रोजेक्टचे पैसे वाचतात ते वेगळेच!